पालाचा मोडलेला सांधा

केडगाव,
ता. ११ एप्रिल २०२५

रोहिदासच्या आयस, तात्याबाचा रामराम.

मी हितं बरा हाय. मेंढ्या कांदा काढलेल्या रानात बसवल्यात. तीन कोकरं झाली. तू फोनवर बोलत न्हाईस, म्हणून कागद लिवतोय. आपली नात प्रगती वाचून दाखवंल. पोरी, आजीला वाचताना मधलं काय गाळू नको.

मंगळवारी भर दुपारी वावधान सुटलं. रोहिदासनं करून दिलेल्या पायपाच्या पालाचा कोपऱ्यातला सांधा तुटला, ताडपत्री टरकली. आत कोकरं. मोडका पायप मी खांद्यावर धरला. दोरी चार हातांवर पडलेली, पर पायप सोडला तर समदं कोकरांवर येनार. तवा तोंडातून निघालं, "गिता, दोरी दे गं!"

चाळीस वर्षांत तुला नावानं हाक मारली न्हवती.

शेजारच्या रानात खुरपनारी सुवर्णा धावत आली. तिनं पायप धरला, मी दोऱ्या ताणल्या. वारं पडल्यावर बाभळीचं दांडकं तासून पायपाच्या पोकळीत ठोकलं, वरून तारेनं आवळलं. फाटल्या जागी ट्यूबचं ठिगळ लावून दाभणानं शिवलं. टाकं वाकडं आलं.

सुवर्णा म्हनली, "मामा, मामी कुठं हायत?"

"गावाला गेल्यात. उद्या येत्याल."

चार महिनं झालं, मी समद्यांना हेच सांगतोय.

तुझ्या आप्रेशनला आलो न्हाई. मेंढ्या कुनावर सोडू, म्हनलो. ते खोटं व्हतं. जोडीचा मेंढपाळ म्हाळू कळप राखायला तयार व्हता. मी दौंडला आलो व्हतो. दवाखान्याच्या फाटकापातुर आलो. त्याच फाटकातून आपली लेक नकुशी बाहेर आणली व्हती, पांढऱ्या चादरीत. पाय उचललाच न्हाई. चहाच्या टपरीवर सांजपातुर बसलो आन् माघारी फिरलो. तू आत एकली व्हतीस, ते ठावं असून फिरलो.

तू बोलत न्हाईस ते बरोबर हाय.

पुढल्या रविवारी म्हाळू मेंढ्यांपाशी थांबतोय. मी निमोण्याला घरी येनार. तू बोलू नकोस, पानी बी देऊ नकोस. नुसतं दार लावून घेऊ नकोस.

फाटकापातुर आलेला,
तात्याबा