दोन्ही गल्ल्यांना एकदमच आमंत्रण

५ जानेवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. ही कुणाला दाखवायची नाही. पण पुढे कुणी विचारले की हे सगळे सुरू कसे झाले, तर तारखेसकट सांगता यावे.
संकल्प: पहाटे उठणे. अर्धा तास मोठ्याने इंग्रजी वाचणे. चहा दोनच वेळा. बी.ए.चे राहिलेले दुसरे वर्ष यंदा पूर्ण.
मुख्य गोष्ट. साताऱ्याच्या एका संस्थेतल्या संयोगिता मॅडम आज विश्रामबागेत आमच्या फ्लेक्सच्या दुकानात बॅनर करायला आल्या. 'शहरांची सांस्कृतिक मैत्री' असा मजकूर होता. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मी न विचारता दुरुस्त केल्या, त्यामुळे प्रभाव पडला. त्यांनी सांगितले, पोर्तुगालमधल्या एका शहराला आपल्याकडच्या एका वस्तीशी मैत्री जोडायची आहे. तिकडे एकाच इमारतीतली माणसे एकमेकांना ओळखत नाहीत म्हणे. शेजार कसा टिकवतात हे त्यांना आपल्याकडे बघायचे आहे. ज्या वस्तीची निवड होईल तिचा एक समन्वयक मे महिन्यात दोन आठवडे तिकडे जाणार.
समन्वयक. दुकानाच्या कॉम्प्युटरवर हा शब्द टाईप करून 'अवधूत' या माझ्या नावाखाली ठेवून बघितला. शोभतो. मालक मागे उभे होते, म्हणून डिलीट केला.

९ जानेवारी, शुक्रवार
आमच्या वस्तीत अडचण एकच आहे. दोन गल्ल्या आहेत आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत. पूर्वी गणपती एक होता. पहिल्या आरतीचा मान लागोपाठ दोन वर्षे पहिल्या गल्लीला (म्हणजे आम्हाला) गेला. दुसऱ्या गल्लीने वेगळा मांडव घातला. आता दोन गणपती, दोन स्पीकर, आणि कोपऱ्यावर उभे राहिले की दोन्ही आरत्या एकदम ऐकू येऊन एकही समजत नाही.
मला वाटते, जे घरच्यांना जमत नाही ते आंतरराष्ट्रीय सहकार्याने जमेल. आमच्या गल्लीचे अध्यक्ष नानासो यांना योजना समजावून दिली. ते कारखान्यातून रिटायर झालेत, ऐकायला वेळ असतो. सगळे ऐकून म्हणाले, "पोर्तुगालचं येतील रं. पर त्या गल्लीचं येत्यात का ते बघ."
इंग्रजी वाचन: एक दिवस झाले. शेजाऱ्यांनी भिंत वाजवली.

१८ जानेवारी, रविवार
एसटीने साताऱ्याला जाऊन आलो. मॅडमच्या दोन अटी. पाहुणे येतील त्या दिवशी दोन्ही गल्ल्या एकत्र दिसल्या पाहिजेत. आणि समन्वयक वस्तीतल्या लोकांनी निवडायचा.
दुसऱ्या अटीची मला काळजी नाही. शिकलेला आणि शुद्ध लिहिणारा असा इथे दुसरा आहे कोण? आमच्या गल्लीतला धवल इंजिनिअर आहे, पण तो पुण्यात असतो.
काळजी वेगळीच आहे. कोयनानगरच्या एका वसाहतीचेही नाव पुढे आहे. तिथे जमीन हलली की लोक आपोआप एकत्र रस्त्यावर येतात. ही स्पर्धा बरोबरीची नाही, असे मी मॅडमना सुचवले. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.
पाहुणे ८ फेब्रुवारीला येणार. घरी येऊन माळ्यावरची बॅग काढली. चाक तुटले आहे. दुरुस्तीला टाकायची.

२४ जानेवारी, शनिवार
आमंत्रणाचा प्रश्न. झोप नाही.
घरोघर जायचे तर आधी कुठल्या गल्लीत पाय ठेवायचा? पहिल्या गल्लीत ठेवला तर दुसरी म्हणणार, बघा, पुन्हा तेच. दुसरीत ठेवला तर नानासो माझ्याशी बोलायचे बंद होतील. अर्ध्या घरांना सकाळी आणि अर्ध्यांना संध्याकाळी सांगितले तर सकाळी कोण आणि संध्याकाळी कोण, यावरून नवे भांडण.
दुपारी दुकानात तोडगा सुचला. व्हॉट्सॲप. दोन्ही गल्ल्यांचा एकच नवा ग्रुप. एकच मेसेज सगळ्यांना एकाच मिनिटाला पोचणार. कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही. इतका निःपक्षपाती मान या वस्तीत आजवर कुणी कुणाला दिला नसेल.
आईला सांगितले. ती म्हणाली, "आनि कुंकू कोन लावनार? मोबाईल?"
आईला तंत्रज्ञान समजत नाही.

२९ जानेवारी, गुरुवार
सकाळी बरोबर दहाला मेसेज सोडला. शुद्धलेखन सात वेळा तपासले होते.
दहा वाजून पाच मिनिटे: अंगठे यायला लागले. दोन्ही गल्ल्यांतून. दुसऱ्या गल्लीतल्या नाथाजी हवालदारांनी हात जोडले आणि तिरंगाही टाकला. एका काकूंनी गुलाबाचे फूल आणि 'शुभ सकाळ' पाठवले. मी हे सर्व होकार म्हणून धरले.
एकाने 'हार्दीक आभीनंदन' लिहिले. मी प्रेमाने दुरुस्त करून पाठवले. तो ग्रुपमधून गेला. एक गेला तर काही बिघडत नाही.
दर पाच मिनिटांनी फोन बघतो आहे. संकल्प: फोन कपाटात ठेवणे. ठेवला. काढला.

२ फेब्रुवारी, सोमवार
विचित्र प्रकार. दुसऱ्या गल्लीतल्या अंबूबाई, म्हणजे नाथाजींच्या मंडळी, आज आमच्या गल्लीत आल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा. हातात कुंकवाचा करंडा आणि अक्षतांची वाटी. नाथाजींनी घरावर मजला चढवला आहे, त्याची वास्तुशांत. प्रत्येक दारात थांबल्या, बायकांना कुंकू लावले, पुरुषांच्या हातावर अक्षता दिल्या. कुठल्या क्रमाने, तर रस्त्यावर दार येईल त्या क्रमाने! नियोजन शून्य.
आमच्याकडे आईला कुंकू लावून म्हणाल्या, "चूलबंद आवतण हाय बरं का. त्या दिवशी घरात चूल पेटवायची न्हाई. समद्यांनी यायचं."
म्हणजे घरातले झाडून सगळे जेवायला, लहान-थोर, आल्या-गेल्या पाहुण्यासकट.
तारीख विचारली. ८ फेब्रुवारी.
अंबूबाई गेल्यावर आईला स्पष्ट सांगितले की त्या दिवशी आपला आंतरराष्ट्रीय कार्यक्रम आहे. आई म्हणाली, कुंकू लावून घेतलंय आता. मी म्हणालो, तू माझ्या मेसेजला अंगठा दिला होतास. ती म्हणाली, वाचल्याचा दिला होता.

५ फेब्रुवारी, गुरुवार
नाथाजींकडे गेलो, तारीख बदला म्हणायला. ते नव्या जिन्यावर बसून पाणी मारत होते. मुहूर्त बदलत नसतो, म्हणाले. मग म्हणाले, तुझ्या त्या पोर्तुगालवाल्यांना इथेच जेवायला आण की.
मी समजावले की आपला कार्यक्रम मिनिटा-मिनिटाला बांधलेला आहे. दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार, प्रेझेंटेशन 'शेजार: काल, आज, उद्या', मग दोन्ही गल्ल्यांचे हस्तांदोलन. हस्तांदोलनासाठी स्टेजवर खडूने दोन खुणा करणार आहे.
नाथाजी म्हणाले, "गड्या, आमी एकवीस वर्सं पलटनीत काढली. एवढी खूण तर परेडलाबी करत न्हवतो."
निघताना मनाची समजूत घातली. वास्तुशांतीचे जेवण बारानंतर असते. माझा कार्यक्रम अकराला. लोक आधी माझ्याकडे येतील, मग तिकडे जातील. उलट सोयच झाली.
आज चहा: मोजला नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
सकाळी ६.३०. झोप लागली नाही. आई घरात नाही. पोळ्या लाटायला गेली आहे, असे शेजारचे पोर सांगत होते. आमच्या गल्लीतल्या बहुतेक बायका तिकडेच आहेत. दोन तासांत लाटून होतील.
९.३०. समाजमंदिर तयार. खुर्च्या मांडल्या, दोन भागांत, मधे वाट. मग वाट भेदभाव वाटली म्हणून सगळ्या जवळ सरकवल्या. मग हस्तांदोलनाला जायला जागा उरेना म्हणून पुन्हा लांब केल्या.
१०.४०. कुणी नाही. आपले लोक उशिराच येतात.
११.०५. मॅडमची गाडी आली. पाहुण्या इनेस बाई, वयस्कर, पांढरे केस, पायात कॅनव्हासचे बूट. मी हार घातला आणि पाठ केलेली इंग्रजी वाक्ये म्हटली. त्या हसल्या. सभागृहात मी, मॅडम, इनेस बाई आणि साऊंडवाला.
११.३०. इनेस बाईंनी मॅडमना काहीतरी विचारले. मॅडमनी मला सांगितले, त्या विचारतात, ते हसण्याचे आवाज कुठून येताहेत?
मी म्हणालो, खाजगी कार्यक्रम आहे.
११.५०. अंबूबाई दारात. हातात करंडा. सरळ इनेस बाईंपुढे जाऊन कुंकू लावले. बाईंनी लावताना डोळे मिटून घेतले. अंबूबाई म्हणाल्या, "चला ताई, पानं मांडल्यात." मॅडमनी भाषांतर करायच्या आत त्या उठल्या होत्या. मॅडमही गेल्या. साऊंडवाल्याने माझ्याकडे बघितले आणि तोही गेला.
मागे नाथाजी उभे होते. मला म्हणाले, "तू रं?"
मला वेगळे आमंत्रण मिळालेले नाही, असे मी म्हणालो.
"चूलबंद सांगितलं न्हवं तुझ्या घरात? मग तू घराभाईर हाईस का?"
कार्यक्रमाच्या अध्यक्षाने (म्हणजे मी) सभा सोडायची नसते, हे मी त्यांना सांगितले. ते गेले.
१२.१५. प्रेझेंटेशन शेवटपर्यंत चालवून बघितले. कुठेही अडकले नाही.
२.३०. भूक. घरी गेलो. गॅस पुसून ठेवलेला, भांडी पालथी. चहाला दूध नाही. कोपऱ्यावरची टपरी बंद, टपरीवालाही जेवायला गेलेला. दोन्ही गल्ल्यांत चालत फिरलो. सगळी दारे उघडी आणि आत कुणी नाही. इतक्या घरांत एकाही घरी चूल पेटलेली नव्हती.
३.१५. गेलो. केवळ निरीक्षणासाठी. शेवटची पंगत बसत होती, बसलो. वाढायला नानासो होते, आमटीची बादली घेऊन, दुसऱ्या गल्लीच्या मांडवात! त्यांच्या मागे इनेस बाई पुरणपोळ्या वाढत होत्या. नको म्हणणाऱ्याला दोन जास्त वाढायच्या, हे त्यांना तोवर कुणीतरी शिकवले होते. मी नको म्हणालो. त्यांनी दोन वाढल्या आणि मला न ओळखता पुढे गेल्या.
आणखी एक मागितली. पोळी चांगली होती, हे नोंदवायला हरकत नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार
मॅडमना अहवाल पाठवला. 'कार्यक्रम नियोजित वेळेत सुरू झाला. नंतर तो स्थलांतरित करून अधिक व्यापक स्वरूपात पार पडला. दोन्ही गल्ल्या एकत्र आल्या.' यातले एकही वाक्य खोटे नाही. तीनदा वाचून पाहिले.
बॅगेचे चाक बसवून आणले.

१४ फेब्रुवारी, शनिवार
निवड झाली! आपली वस्ती. मॅडमचा सकाळी फोन आला. कोयनानगर मागे पडले. आता फक्त समन्वयक लोकांनी निवडायचा.
संध्याकाळी दुकानातून आलो तर घरात आई नाही. नाथाजींच्या नव्या मजल्यावर दोन्ही गल्ल्यांची मीटिंग चालली होती. मला कुणी कळवले नव्हते. ग्रुपवर शोधले, काहीच नाही. घरोघर जाऊन सांगितले म्हणे. मी घरी नव्हतो.
पोचलो तेव्हा निवड झाली होती. अंबूबाई.
मॅडमनी इनेस बाईंचे म्हणणे फोनवरून वाचून दाखवले होते: आमच्याकडे आम्ही ईमेल करतो, लिफ्टमध्ये कागद लावतो, सगळे वाचतात आणि कुणी येत नाही. आम्हाला दारोदार जाणारे माणूस पाठवा. आमची माणसे तिच्याबरोबर फिरून शिकतील.
मी भाषेचा मुद्दा मांडला. अंबूबाईंना इंग्रजी येत नाही, पोर्तुगीज तर नाहीच. नाथाजी म्हणाले, "कुंकू लावाय काय इंग्लिश लागतंय व्हय?" सगळे हसले. आमच्या गल्लीतलेही.
मग अंबूबाई म्हणाल्या, मी एकटी जायची नाही, जोडीला कुणीतरी द्या. संस्था दुसऱ्या माणसाचीही सोय करेल, असे मॅडम फोनवर म्हणाल्या. मी उभा राहिलो. शर्ट नीट केला.
अंबूबाई म्हणाल्या, "आवधूतची आई येती की."
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उभाच असल्यामुळे मलाही वाजवाव्या लागल्या.

२२ फेब्रुवारी, रविवार
आई आणि अंबूबाईंचे पासपोर्टचे काम मार्गी लावले. शुद्धलेखन माझे. बॅग आईने घेतली.
आईला विचारले, तिकडे जाऊन काय करणार. म्हणाली, घरोघर जाईन. आधी कुणाकडे, विचारले. म्हणाली, जे दार आधी लागंल तिकडं.
तिकडे दारे बंद असतात, असे मी सांगितले.
"मग वाजवीन की."
मे महिन्यात दोन आठवडे मी घरी एकटा. आज भात शिकलो. खाली लागला.
दुकानात दोघींच्या अभिनंदनाचा फ्लेक्स आला आहे. डिझाइन मीच केले. शुभेच्छुकांत सर्वांची नावे वर्णानुक्रमे घातली, म्हणजे मानापमानाचा प्रश्न नाही. 'अवधूत' आपोआप पहिला आला, त्याला माझा इलाज नाही.
दुपारी नानासो आणि नाथाजी एकाच गाडीवर बसून दुकानात आले. फ्लेक्स बघितला. एवढी नावे कशाला, म्हणाले. सगळी काढायला लावली आणि खाली फक्त 'दोन्ही गल्ल्या' एवढेच लिहायला सांगितले.
मी विचारले, आणि मी?
नानासो म्हणाले, "त्यात आलासच की रं."
फाईल प्रिंटला टाकली. खाली बरीच जागा रिकामी राहिली आहे.