मुकाट्याने पुढे केलेला हात

२२ नोव्हेंबर १९३६, रविवार

पोहोचले एकदाची! गोंदियाहून छोट्या गाडीने अर्जुनी, आणि तिथून मालगुजारांचा गाडीवान बिसराम याच्या रेंगीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, चार तास. छप्पन्न वर्षांच्या कमरेने ते कसे सोसले ते तिचे तिलाच ठाऊक. पण वाट फार सुरेख होती. प्रतापगडाची टेकडी निळी दिसत होती, शेतांत धानाची कापणी चालली होती आणि सगळीकडे ओल्या पेंढ्याचा गोडसर वास होता. मी बिसरामला तीनदा बैल थांबवायला सांगितले. तिन्ही वेळा तो खुशाल पुढे गेला. मागाहून कळले की त्याचा डावा कान ठार बहिरा आहे आणि मी नेमकी त्याच बाजूला बसले होते. मग दोघेही पोट धरून हसलो.

गाव केशोरीच्या अलीकडे आहे. मालगुजार घनश्यामजी तिशीचे, अबोल आणि सज्जन. त्यांच्या पणजोबांनी बांधलेला तलाव माझ्या खिडकीतून दिसतो. घर नवे आहे, चुन्याने पांढरे केलेले. त्यांच्या आई जमुनाबाई माझ्याच वयाच्या. दारातच त्यांनी मला खालून वर न्याहाळले आणि विचारले, नागपुरात तांदूळ भेटत नाई का, मास्तरीणबाई, इतक्या वाळल्या काऊन? मला ती बाई तिथेच आवडली.

काम सोपे आहे. सून शामकला एकोणीस वर्षांची, सहावा महिना लागलेला. सातव्यात ती पहिलटकरीण म्हणून माहेरी जाईल. त्याआधी तिला नवऱ्याला पत्र लिहिता आले पाहिजे, एवढेच. घनश्यामजींना हे मला सांगताना लाज वाटली. ती लाजही मला आवडली.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

शामकला हुशार आहे. पाटीवर ‘क’ काढताना जीभ बाहेर काढते. मीही कॉन्व्हेंटमध्ये तशीच काढायची. सिस्टर मोनिका सकाळी आम्हा मुलींना रांगेत उभे करून नखे तपासायच्या. नाव पुकारले की दोन्ही हात पुढे, तळवे खाली, तोंडातून शब्द नाही. चाळीस वर्षे झाली, पण अजून कोणी अधिकाराने ‘हात’ म्हटले की माझे हात आपोआप पुढे होतात. बिचाऱ्या सिस्टर. त्यांच्या बाहीला नेहमी साबणाचा वास यायचा.

दुपारी जमुनाबाईंबरोबर पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसले. त्यांना उजव्या डोळ्याने दिसत नाही. कधीपासून, असे विचारले तर अभिमानाने सांगू लागल्या. केशोरीचे भैयाजी डॉक्टर दर शुक्रवारी घरी येतात. त्यांनी नाडी धरून सांगितले होते की बुधवारी उजवा डोळा जाईल. बुधवारी गेला! बिसरामचा कानही त्यांनी दोन दिवस आधी सांगितला. थोरल्या मालगुजारांच्या, म्हणजे त्यांच्या यजमानांच्या, मरणाचा तर वारही सांगितला होता. गुरुवार म्हणाले, गुरुवारीच गेले. त्या म्हणाल्या, असा डाक्टर नागपुरात नाई भेटत बाई, तो सांगते तसाच होते.

मी विचारले, डोळा वाचवला का नाही मग? त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी पाऊस सांगणाऱ्याला पाऊस थांबवायला सांगत होते.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज डॉक्टर येऊन गेले. तट्टूवरून येतात. पन्नाशीचे, स्वच्छ धोतर, लांब कोट, मऊ आवाज. कोणालाही न आवडण्यासारखे त्यांच्यात काही नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

इकडची रीत अशी की नाडी पाहणाऱ्याला आपण काही सांगायचे नाही. मुकाट्याने हात पुढे करायचा, बाईने डावा. कुठे दुखते ते त्याने ओळखायचे. आपण बोललो तर त्याचा अपमान, आणि निदानही बिघडते म्हणतात. घरातले एकेक जण पाटावर बसून हात देत होते. शामकलेचा मात्र नव्हता. पोटुशीची नाडी ते सातवा लागल्यावर बघतात. मी कडेला उभी होते. ते माझ्याकडे वळले आणि नुसते म्हणाले, हात.

आणि माझा हात पुढे गेला.

त्यांची बोटे ऊबदार होती. त्यांनी फार वेळ धरला. मला काय झाले ते नीट लिहून ठेवते. आपण घरी नसताना कोणी आपली पेटी उघडावी, एकेक लुगडे उलगडून पाहावे आणि पुन्हा पहिल्यासारखी घडी घालून ठेवावी, तसे वाटले. हात ओढून घ्यावासा वाटला. पोटातून काहीतरी ओरडले, ओढून घे! पण सगळे घर बघत होते. मला काहीही होत नाही, हे सांगायचे होते, पण रीतीप्रमाणे बोलायचे नव्हते. ते म्हणाले, रविवारी डाव्या हाताची करंगळी बधिर होईल. कागदात एक पूड दिली.

मी त्यांचे आभार मानले. आभार!

पूड चुलीत टाकली. म्हातारपणी माणूस संशयी होते, दुसरे काय.

२९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी केस विंचरताना करंगळी केसांत अडकली आणि मला कळलेच नाही. टाचणी टोचून पाहिली. रक्त आले, दुखले नाही.

थंडी असेल. वयही आहे. पण पूड तर मी घेतलीच नव्हती.

घरात कळले तेव्हा मला वाटले होते, कोणीतरी हळहळेल. उलट सगळ्यांना आनंद झाला. जमुनाबाईंनी हाक मारून मारून शेजारणींना सांगितले की डाक्टरानं मास्तरीणबाईचा रोग बरोब्बर पकडला. संध्याकाळी माझ्यासाठी खीर केली. ती मायेनेच केली होती, म्हणून जास्त भीती वाटली.

१ डिसेंबर, मंगळवार

शामकला आज ‘आई’ लिहायला शिकली. लिहून झाल्यावर पाटीकडे बघतच हळू म्हणाली, तो डाक्टर जवळ आला का मावं अंग आकसते, बाई. तुमाले बी तसा होते का? मी हो म्हटले. तिने सुटकेचा निःश्वास टाकला. तिला वाटत होते की हे फक्त तिलाच होते आणि ती वाईट आहे. सासूला सांगितले होते, तर सासू म्हणाली, थोरांबद्दल असा मनात आणू नये.

मी तिला कानमंत्र दिला. हात देऊ नकोस. काहीही कारण काढ, चुलीपाशी राहा, हात पिठात घाल, पण देऊ नकोस. तिने विचारले, तुमी कायले देल्ला मंग? छप्पन्न वर्षांची बाई मी. चांगली मुलगी म्हणवून घ्यायला दिला.

४ डिसेंबर, शुक्रवार

डोके दुखते म्हणून खोलीत पडून राहिले. डॉक्टर खोलीतच आले, जमुनाबाई पाट घेऊन मागे. मी हात पांघरुणाखाली ठेवला. जमुनाबाईंनी तो लेकराचा काढावा तसा काढून त्यांच्या हातात दिला.

मी रीत मोडली. बोलले. म्हटले, मला काही होत नाही, मला तुमचे औषध नको, हात सोडा. दारात उभ्या बायकांनी तोंडावर पदर घेतले. डॉक्टर जराही रागावले नाहीत. डोळे मिटून नाडी बघत राहिले आणि माझ्याशी नाही, जमुनाबाईंशी बोलले. रविवारपर्यंत हात कोपरापर्यंत जाईल. मंगळवारी पाय. आणि मधल्या दिवसांत बाईंना घरी जावेसे वाटेल. पत्रे लिहितील, तुमच्यावरही संशय घेतील. आजारच तसा आहे. त्यांना जाऊ देऊ नका.

मग माझा हात चादरीवर ठेवला आणि वरून दोनदा थोपटला.

५ डिसेंबर, शनिवार

सकाळी जमुनाबाईंना म्हटले की मला आजच नागपूरला जायचे आहे. त्यांनी टाळी वाजवली. आतल्या बायांना ओरडून सांगितले, म्हनत होते ना डाक्टर! झाला ना तसाच, निंगाली बाई!

बिसरामच्या उजव्या बाजूला जाऊन सांगितले, गाडी जुंप. त्याने ऐकले, सगळे ऐकले. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, तुमी बऱ्या व्हा माय, मंग मीच सोडून देईन.

माझ्या पुतण्याला पत्र लिहिले. घनश्यामजी स्वतः अर्जुनीला जाणार होते म्हणून त्यांच्याकडे दिले. दुपारी ते माझ्या दाराशी आले, खाली मान घालून पत्र परत केले. म्हणाले, आईला विचारले, तिने नको म्हटले. रागावू नका.

मी जे जे करीन ते सगळे त्याने आधीच सांगून ठेवले आहे. ओरडले तरी आजार. गप्प बसले तर पाटावर.

६ डिसेंबर, रविवार

कोपरापर्यंत गेला.

हात मांडीवर आहे. दुसऱ्या कोणाचा वाटतो. मीच तो उचलून ठेवते.

७ डिसेंबर, सोमवार

पाय अजून माझे आहेत, उद्यापर्यंत. म्हणून जेवणे झाल्यावर, भर दुपारी, सगळ्यांसमोर चालू लागले. पळाले नाही. तलावाच्या पाळीवरून सरळ अर्जुनीच्या वाटेला. तलावातली शिंगाडे काढणारी डोंगी थांबली, लोक बघत राहिले. मैलभर गेले असेन. मग कापणीच्या बाया आल्या, दहा-बारा. कोणी ओढले नाही, कोणी वाईट बोलले नाही. एकीने माझ्या डोक्यावर आपला पदर धरला, ऊन लागू नये म्हणून. एक म्हातारी म्हणाली, चाल वो माय, घरी चाल, आमचे डाक्टर देव हायेत. मी तिला विचारले, तुझे काय नेले त्याने? तिने तोंड उघडून दाखवले, जिभेची चव गेली आहे, सात वर्षे. हसत होती.

त्यांनी मला आणून सोडले, पाय धुतले, तळव्यांना तेल चोळले. इतक्या हळुवारपणे मला माझ्या आईनंतर कोणी हात लावला नव्हता. आणि मी रडत होते.

८ डिसेंबर, मंगळवार

पाय गेले.

उठताना नाही कळले. उभी राहिले, असे वाटले. पडलेली होते.

९ डिसेंबर, बुधवार

शामकलेचा भाऊ मनिराम तिला न्यायला आला. सातवा लागायला अजून आठ दिवस आहेत. तिने स्वतःच चिठ्ठी पाठवली होती — तिच्या हातची पहिली चिठ्ठी. त्यात तीन शब्द: दादा आत्ता ये. जमुनाबाई म्हणाल्या, शुक्रवारी नाडी दाखवून जा. पोरीने पहिल्यांदा सासूला तोंडावर नाही म्हटले. माझ्याकडे न बघता म्हटले.

मलाही गाडीत घ्या म्हणून ती रडली. मनिराम मला उचलायला वाकलाही. पण जमुनाबाई दारात आडव्या बसल्या. रस्त्यात बाई मेली त मी डाक्टराले काय तोंड दाखवू, म्हणाल्या. खरेच रडत होत्या.

गाडी गेली. शामकला गेली. पुतण्याचा पत्ता तिने तीनदा म्हणून दाखवला आहे. तिचे माहेर दरेकसाकडे — तिथून नागपूरला निरोप, मग तो येणार — आठ दिवस तरी. आठ.

१० डिसेंबर, गुरुवार

ते आजच आले. शुक्रवार नव्हता.

शामकला कुठे, एवढेच विचारले. मग माझ्यापाशी बसले. डावा हात उचलला, तीन बोटे ठेवली. खूप वेळ. त्यात आता काही उरले नाही, नाडी लागेना. रिकामी वाटी ठेवावी तसा खाली ठेवला. जमुनाबाईंना म्हणाले, उद्या उजवा बघू. बाई नाही म्हणतील, तिकडे लक्ष देऊ नका.

काय होईल ते सांगितले नाही. या वेळी आधी नाही सांगितले — हात धरूनच सांगणार. बोलला नाही तोवर काही होत नाही. हे मला आता पक्के कळले. पूड काही नाही. नाडीही काही नाही. तो म्हणतो — म्हणून होते. आणि आम्ही रीतीने गप्प बसतो.

मला पहिल्या दिवशीच कळले होते. पोटात कळले होते. नीट लिहूनही ठेवले आहे वर.

११ डिसेंबर, शुक्रवार

सकाळ. वही पांघरुणाखाली. उजवा हात चांगला आहे. पाचही बोटे.

जमुनाबाई शेजारी येऊन बसल्या आहेत. माझे केस विंचरले. हात धरायला आल्या आहेत, मला माहीत आहे.

मी नाही म्हटले. मोठ्याने. पुन्हा म्हटले. त्या हसल्या — मान हलवली — हेही सांगून ठेवले होते ना —

तट्टू अंगणात.

लिहिते आहे तोवर हात माझा आहे. पेन्सिल सोडणार नाही. लिहीत राहीन, काहीही, माझे नाव, सुशीला सुशीला सुशीला — पाट मांडला — मनगट धरले जमुनाबाईंनी, दोन्ही हातांनी, हळू — बाई, दुखते का, असे विचारतात —

तो बसला. बोटे ठेवली. ऊबदार.

अजून बोलला नाही. अजून नाही. डोळे मिटलेत. नाही म्हणते आहे मी, नाही, ना

तो बोलला —

तोंड उघड