नानांच्या गाडीतला चहा

८ डिसेंबर २०२४

“मंगे, तुला लेकरू झाल्याबिगर तुझ्या घरचं पानी आमी पिनार न्हाई.”

बावीस वर्षं झाली. माझ्या वेल्ह्याच्या घराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून आई हे हसत म्हणाली होती. आशीर्वादच होता तो. लेकीच्या घरी नातवंडाआधी पाणी प्यायचं नाही — आमच्याकडे सगळ्याच आया असं म्हणतात आणि वर्षा-दोन वर्षांत बारशाला येऊन पोटभर जेवून जातात. माझी आई बावीस वर्षं ओट्यावर बसते. येताना फिरकीचा तांब्या भरून आणते, फडक्यात भाकरी बांधून आणते. जाताना तांब्या रिकामा झालेला असतो, माझा हंडा भरलेलाच.

आज हे आठवायचं कारण — उत्रोलीच्या माहेराहून नानांची, माझ्या वडिलांची, व्हॅन आणली. टेम्पोवर चढवून. नाना जाऊन पाच वर्षं झाली, तेव्हापासून गोठ्यापुढे उभी होती. धनाजी खूश दिसला. “ने ताई. जागा मोकळी हुईल.” धाकटा भाऊ इतक्या सहज काही देतो, तेव्हा ती वस्तू कुणालाच नको असते.

१० डिसेंबर

चिमाजीतात्या आले. नसरापूरच्या गॅरेजात तीस वर्षं काढून आता घरी बसलेत. गुडघे गेलेत, हात शाबूत आहेत. सरकतं दार ओढलं तर ते हातातच आलं. आत कोंबड्यांची पिसं, दोन फुटकी अंडी.

“पोस्टातल्या बाई, ही गाडी न्हाई, खुराडं हाय. सेल्फ मारला तर आरवंल.”

ठरलं असं — इंजिन ते बघणार, पत्रा मी घासणार. पोस्ट दोनला बंद होतं, नंतर मी मोकळी. हा शब्द माझ्यासाठी बायका वापरतात. “तुला काय, मोकळीच हायेस.”

१५ डिसेंबर

खरं कारण फक्त इथे लिहिते.

नाना या गाडीवर वडाप करायचे. भोर ते नसरापूर, दहा-बारा माणसं कोंबून. महिन्यातून एकदा माणसं सोडली की गाडी वेल्ह्याकडे वळवायचे. माझ्या दारात थांबायचे, पण उतरायचे नाहीत. “च्या हितंच आन.” मी विचारायचे, नाना, पाणी चालत नाही आणि चहा चालतो?

“गाडी माझी हाय. म्या माझ्या घरात बसून पितोय. तुझ्या घरात कुठं आलोय?”

एकदा आई बरोबर होती. नानांनी आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून तिच्यापुढे धरला. तिनं माझ्या घराकडे पाहिलं, मग गाडीच्या टपाकडे पाहिलं. आणि बशी तोंडाला लावली. “गोड लई झालाय,” एवढंच म्हणाली.

माझ्या घरचं आईच्या पोटात गेलंय ते एवढंच. अर्धा कप!

म्हणून ही गाडी. मागच्या सीटा काढून पलंग करायचा, एक शेगडी, दोन कप. अंगणात माझ्या उभी राहील, पण घर नानांचं असेल. आई चार दिवस येऊन राहील. मी रांधेन, ती जेवेल. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे ती. मी सेहेचाळीसची. वाट बघण्यासारखं दुसरं काही उरलेलं नाही.

५ जानेवारी २०२५

उत्रोलीला जाऊन आले. गाडीला पायरी लावायची, तर आईचा पाय किती वर उचलतो ते मोजायचं होतं. सरळ विचारलं तर सांगणार नाही. दारात एकावर एक विटा मांडल्या आणि म्हटलं, वरच्या फळीवरचा डबा काढून दे. रत्ना, माझी भावजय, बघत होती. “ताई, चूल मांडताय का काय दारात?” तिसऱ्या विटेला आईनं भिंत धरली.

एक वीत आणि चार बोटं. त्याच्या वर नाही. दोऱ्याला गाठ मारून पर्समध्ये ठेवलाय.

१९ जानेवारी

पत्रा घासणं म्हणजे संपणारं काम नाही. गंज खरवडला की भोक. चिमाजींनी भोकांना ठिगळं जोडली, मी त्यावर लांबी भरली. लांबी म्हणजे पुट्टीसारखा लगदा — खड्डे बुजवायचा. वाळली की पॉलिश कागद पाण्यात बुडवून घासायची. डोळे मिटून तळवा फिरवायचा. जिथं तळवा अडतो तिथं पुन्हा घासायची.

शेजारच्या कमळाबाई कुंपणाशी उभ्या. “लेकरावानी न्हाऊ घालतीस गं गाडीला!”

त्यांना वाईट बोलायचं नव्हतं. नसतंच कुणाला. मी कागद पाण्यात बुडवला आणि घासत राहिले. दोन बोटांची सालं गेली.

सोमनाथनं संध्याकाळी हळद लावली. नवरा म्हणून त्याच्याविरुद्ध लिहावं असं माझ्याकडे काही नाही. पुण्याच्या डॉक्टरांकडे सात वर्षं तोही माझ्याबरोबर बाकावर बसला होता.

२ फेब्रुवारी

चालू झाली! तिसऱ्या सेल्फला खोकली, मग धूर, मग तोच आवाज — शिलाईमशीन घाईत असल्यासारखा. हा आवाज वळणावर आला की मी पातेलं चढवायचे.

या गाडीचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली असतं. नाना उन्हाळ्यात शिव्या घालायचे. आईला मात्र तीच जागा आवडायची. “खालनं शेक मिळतोय कंबरंला.” आज त्या सीटवर अर्धा तास बसून राहिले. ऊब वर येईपर्यंत.

११ फेब्रुवारी

नसरापूरला अभिषेककडे गेले, तो आरटीओची कामं करतो. विम्यापासून सगळं संपलेलं. म्हणाला, मयताच्या नावावर गाडी पास होत नाही, मॅडम. एका वारसाच्या नावावर करायची, बाकीच्यांनी संमती द्यायची.

“आईंच्या नावावर करू? की तुमच्या?”

मी म्हटलं, माझ्या.

विचार न करता म्हटलं. लगेच म्हटलं.

२३ फेब्रुवारी

धनाजीकडे सही मागायला गेले. चहा झाला. मग तो आत जाऊन एक फाईल घेऊन आला. हक्कसोडपत्र. रस्त्याकडेच्या दोन भातखाचरांवरचं माझं नाव काढायचं. टाईप करून तयार होतं, तारखेची जागा तेवढी कोरी.

“तू माजी सही घे, म्या तुजी घेतो. भावाबहिनीत काय?”

म्हणजे माझ्या येण्याची वाटच बघत होता. मी म्हटलं, आईच्या हिश्श्याचं काय. म्हणाला, आईनं दिवाळीतच अंगठा दिलाय.

आई तिथंच भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. वर पाहिलं नाही.

२५ फेब्रुवारी

सोमनाथ म्हणतो, देऊ नको. जमीन ती जमीन. भंगारासाठी कोणी खाचरं सोडतं का!

त्याला मी अर्ध्या कपाचं कधी सांगितलेलं नाही.

६ मार्च

भोरला जाऊन सही केली. मशीनवर बोट, फोटो, चार मिनिटं. मला ‘स्वखुशीने’ हा शब्द दोनदा वाचून दाखवला. लहानपणी या खाचरांत मी आणि धनाजी गुडघाभर चिखलात भाताचं आवण लावायचो. तो कंटाळून बांधावर बसायचा. त्याची ओळ मी पुरी करायचे.

बाहेर आल्यावर त्यानं गाडीच्या कागदावर सही केली. अंगठ्यासाठी आईला आणलंच होतं. आईनं कशाचा म्हणून विचारलं नाही. आजवर कुठल्याच अंगठ्याला विचारलं नाही. निळं बोट पदराला पुसलं.

रत्नानं मला साडी दिली. पिवळी.

७ मार्च

साडी पिशवीतच आहे.

२८ मार्च

गाडी पास झाली. कार्ड आलं. मालकाच्या जागी माझं नाव — माझं, नवऱ्याचं, आडनाव. घर सोमनाथच्या वडिलांचं. खाचरं तर गेलीच. पोस्टातला शिक्का सरकारचा. या कार्डावर तेवढी मी. तीनदा पर्समधून काढून पाहिलं. लाज वाटली, तरी चौथ्यांदा पाहिलं.

१२ एप्रिल

पलंग झाला. उंची आईच्या खाटेएवढी. खाली खोकी, त्यात वाकळ, डबे. मागच्या दाराशी शेगडी. वर धरायला दांडी. चिमाजींनी पायरी जोडली, दोऱ्याच्या गाठीवर मोजून. एक वीत चार बोटं — तसूभरही फरक नाही. रंग नानांचाच, पांढरा. पडदे मी शिवले.

“आता एवढी नटवलीय तर पाव्हनं कोन येनार हाय?” चिमाजींनी विचारलं.

मी सांगितलं, आई. त्यांनी पायरीवर स्वतः उभं राहून दोन उड्या मारल्या. गुडघे गेलेला माणूस! “सासूला सोसंल, आईला तर सोसंलच.”

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

आईला आणायला उत्रोलीला गेले. मी एकटी, गाडी चालवत. आईनं पायरीवर पाय ठेवला आणि कुणाचा हात न धरता चढली. पुढच्या सीटवर बसली. हात सीटवरून फिरवला. मला वाटलं, जमलं.

धनाजी दारात उभा होता. गमतीनं म्हणाला, “आये, लेकीच्या गाडीतनं चाललीस की! कागदावर नाव लावून घेतलंय तिनं.”

गमतीनंच.

चेलाडी फाट्यापर्यंत आई खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं गाडी लागली असेल. विचारलं, शेक येतोय का खालनं? मान हलवली.

अंगणात गाडी लावली. शेगडी पेटवली. साखर कमी घातली — तेव्हा गोड लई झाला होता. कप तिच्या हातात दिला. तिनं धरला. वाफ तोंडावर घेतली. आणि पलंगाच्या कडेला ठेवला. पिशवीतून फिरकीचा तांब्या काढला.

मी म्हटलं, आई, ही नानांची गाडी आहे. तू प्यालीस इथं. आठवतंय ना?

“तवा ह्यांची व्हती. आता तुझी हाय. म्हंजी तुझं घरच.”

मग मी बोलले. बावीस वर्षांत बोलले नव्हते ते. की मूल होणार नाही, आई. सेहेचाळीस झाली मला. आता कुणासाठी पाळतेस?

ती बराच वेळ तांब्याची फिरकी आवळत बसली. आवळलेलीच होती.

“म्या पानी पेले म्हंजी मानलं. सगळ्यांनी मानलंय गं. म्या न्हाई अजून.”

चहावर साय आली. संध्याकाळी तिला परत सोडून आले. पलंगावरची चादर तशीच, एक सुरकुती नाही.

१ मे

चिमाजींनी अंगणात गाडीपाशी गाठलं. “राह्यल्या का आई?” मी म्हटलं, कंबर दुखत होती. ते पायरीकडे बघत राहिले, चूक तिथंच असल्यासारखे.

चूक तिथं नाही. अभिषेकनं विचारलं होतं — आईंच्या नावावर करू? तेव्हा आईला आणायच्या गाडीवर मी माझं नाव लावलं. का? खाचरावर नाही, घरावर नाही, एखाद्या लेकराच्या दाखल्यावर आई म्हणून नाही — कुठंतरी हवं होतं म्हणून. आई अर्धा कप का होईना प्यायली असती. मी तो एका कार्डासाठी सांडला. रडू आलं नाही. राग आला, तो कुणावर ते ठरेना. रूढीवर म्हणावं तर रूढी तिनं प्रेमानं धरलीय. एवढी वर्षं मला वाटत होतं की ती माझ्या घराला शिवत नाही. आणि ती एकटीच माझ्यासाठी वाट बघत बसली होती, तांब्या घेऊन. याच्याशी भांडायचं कसं?

३ मे

अभिषेकला फोन केला. “अहो मॅडम, आत्ताच तर तुमच्या नावावर केली!” होईल म्हणाला. आईंचा अंगठा लागेल.

४ मे

उद्या उत्रोलीला जायचं. एसटीनं. फॉर्म भरून ठेवलाय, माझी सही झालीय. आईच्या नावावर आजपर्यंत काही झालेलं नाही, फक्त तिच्या अंगठ्यानं दुसऱ्यांच्या नावावर झालंय. ती नाहीच म्हणेल. मला काय करायचीय गाडी, म्हणेल. पोराला काय वाटंल, म्हणेल. हात पदराखाली घेईल.

तरी म्हणणार आहे — आई, ही गाडी तुझ्या नावावर करून घे. आणि एकदा मला तुझ्या घरी चहाला बोलाव.