बाबांच्या मिशीचा खुलासा

मुलुंड,
शुक्रवार, ता. १८ जानेवारी १९५७

ती. स्व. थोरल्या काकांच्या चरणी
सुगंधाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

आपल्याला पत्र लिहिण्याचा मला काही अधिकार नाही, हे मी जाणून आहे. गेल्या साडेसात वर्षांत या घरातून आपल्याला एक ओळही गेली नाही, आणि आज जाते आहे ती बाबांना न विचारता, घरातल्या सर्वांत लहान माणसाच्या हातून. या धिटाईबद्दल आधीच क्षमा मागते. पत्र फाडण्यापूर्वी शेवटपर्यंत वाचावे, एवढीच विनंती.

आपले ता. ४ चे कार्ड ९ तारखेला मिळाले. ते बाबांच्या नावे होते, पण बाबांनी ते अजून पाहिलेले नाही. घरातले टपाल मीच वाचून दाखवते. हे कार्ड मात्र मी एकटीने वाचले आणि माझ्या तर्कशास्त्राच्या पुस्तकात घालून ठेवले. आज त्याला नऊ दिवस झाले. आपण लिहिले आहे की धाकू मेस्त्रीने मुंबईहून येऊन जयवंताने मिशी उतरवल्याचे सांगितले. आवस, म्हणजे आजी, तर आपल्या ओटीवर बसून सुपारी कातरते आहे. तेव्हा हे सुतक कोणाचे ते आपल्याला उमगले. थोरला भाऊ जिवंत असताना त्याच्या नावाने आंघोळ करून मोकळा झालास, ठीक केलेस, असे आपले शब्द आहेत.

काका, बाबांनी असे काही केलेले नाही. ती मिशी मी उतरवली.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि चेहऱ्याची उजवी बाजू गेली. बोलणे एकेका शब्दाने होते. गावी कळवू नका, असे त्यांनी खुणेने सांगितले आणि आम्ही ऐकले. दाढी वाढली तेव्हा आईने न्हाव्याला घरी बोलावले, तर बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवले. मग डाव्या हाताने फळीकडे बोट दाखवले. तिथे आपण सेहेचाळीस साली बोटीवरून आणलेले दाढीचे यंत्र होते. आपले नाव या घरात कोणी काढत नाही, पण त्या यंत्राशिवाय बाबांनी तेव्हापासून दाढी केलेली नाही. नवऱ्याच्या तोंडाजवळ पाते नेणार नाही, असे आईने स्पष्ट सांगितले. राहिले मी. मुलगी दाढी करते हे बाहेर कोणाला कळता कामा नये, असे बाबांनी मला बजावले.

मी एरवी कुठलीही गोष्ट पुस्तकातून शिकते. याचे पुस्तक मिळाले नाही. पाते बसवल्यावर मूठ शेवटपर्यंत आवळायची असते, हे मला ठाऊक नव्हते. १६ डिसेंबरला सैल पाते उजव्या ओठावर घसरले. त्या बाजूला बाबांना काही कळत नाही, म्हणून ते हलले नाहीत, आणि ते हलले नाहीत म्हणून मला समजले नाही. फेस पुसला तेव्हा मिशीचे उजवे टोक गेले होते. डावी बाजू तिच्याइतकी करायला गेले, तर ती अधिक आखूड झाली. मग पुन्हा उजवी. अखेर मधे जे उरले ते ठेवण्यासारखे नव्हते. बाबांनी आरसा मागितला. बराच वेळ पाहिले आणि परत दिला.

चार दिवसांनी धाकू मेस्त्री आला. बाबा दारातल्या खुर्चीत उन्हाला डोळे मिटून बसले होते, अंगावर शाल, डोक्याला कानटोपी. धाकूने त्यांच्या ओठाकडे पाहिले आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारले की कोण गेले. मला खरे सांगता आले असते. पण बाबांची ताकीद होती, आणि त्याहून अधिक, स्वतःची लाज होती. मी खाली मान घातली. धाकूने त्यातून जे समजायचे ते समजून घेतले आणि चहाही न घेता तो पायऱ्या उतरला. मी त्याला हाक मारली नाही.

एकोणपन्नास साली आपण आणि बाबा ज्या दिवशी भांडलात, तेव्हा बोलणे माझ्या शाळेवरून निघाले होते. सातवी पुष्कळ झाली, हिला आजीकडे गावी पाठव, असे आपण म्हणालात, आणि बाबांनी आपल्याला पुन्हा या दारात येऊ नकोस म्हणून सांगितले. मी दाराआड पुस्तक घेऊन उभी होते. तेव्हाही मी गप्पच होते.

आपल्या लोभावर हक्क सांगण्याजोगे मी काही केलेले नाही. राग असावा तो माझ्यावर, बाबांवर नसावा.

आपली अपराधी,
सुगंधा

—

मसुरे, ता. मालवण,
२५ जानेवारी ५७

चि. सुगंधा हिस लवूकाकाचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र फाडले नाही. जयवंताला झटका यावा आणि मला दोन महिने कळू नये, याबद्दल काय लिहावे ते सुचत नाही, म्हणून लिहीत नाही. आवशीला अजून सांगितलेले नाही.

तुझे म्हणणे खरे असेल. पण बापाची बाजू सावरायला मुलगी वाटेल ते लिहील, आणि तू तर बोर्डात नंबर काढलेली. तेव्हा एक सांग. जयवंताच्या दाढीत एके ठिकाणी केस बाकीच्यांपेक्षा निराळ्या दिशेने जातात, ते कुठे? आणि हनुवटीखाली काय आहे? रोज यंत्र फिरवणाऱ्या हाताला हे कळल्यावाचून राहत नाही.

बाकी तू दाढी कशी केलीस ते वाचून माझ्या अंगावर काटा आला. यंत्र म्हणजे काय विळी आहे गो? दाबायचे नाही. त्याला स्वतःचे वजन आहे, तेवढे पुरते. आपण फक्त धरायचे. आधी गरम पाण्यात पिळलेला पंचा तोंडावर ठेव, शंभर आकडे मोज. ब्रश गोल फिरव, फेस दह्यासारखा झाला पाहिजे, ताकासारखा नव्हे. डाव्या हाताने कातडी ताण. पहिला हात केसांच्या दिशेने. उलटा हात तू मारूच नकोस. साहेबाच्या दाढीइतकी गुळगुळीत नसली म्हणून तो काही मरत नाही. शेवटी गार पाणी आणि तुरटी. एका पात्याच्या चारच दाढ्या, पाचवी नाही. मला हे बोटीवर एका गोव्याच्या कुकाने शिकवले, तेही वादळात.

माझे कार्ड त्याला वाचून दाखव. मी ते त्याला लिहिले आहे, तुझ्या पुस्तकाला नाही.

तुझ्या आईस, वनमालेस, आशीर्वाद. तुझ्यावर लोभ करायचा की नाही ते तुझे उत्तर आल्यावर ठरवीन.

लवू सोनू हडकर

—

मुलुंड,
रविवार, ता. ३ फेब्रुवारी १९५७

ती. स्व. थोरल्या काकांस
सुगंधाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

डाव्या कानाच्या पाळीखाली, दोन बोटांवर, केस खाली न येता आडवे होऊन गळ्याकडे वळतात. तिथे मी तीनदा चुकले, आणि आता तिथे यंत्र आडवे धरते. हनुवटीखाली तांदळाच्या दोन दाण्यांएवढा जुना वण आहे. त्यावर केस येत नाहीत, म्हणून फेसातही तो बोटाला लागतो.

आपल्या सूचना मी एका कागदावर उतरवून आरशाशेजारी टाचल्या आहेत. त्यात मी एकीची भर घातली: पंचा आधी डाव्या गालाला लावावा, कारण उजव्याला गरम-गार कळत नाही. गेल्या चार दिवसांत एकदाही रक्त निघाले नाही. मूठ आवळताना मी आता श्वास रोखत नाही. काल दाढी झाल्यावर बाबांनी डावा गाल तळहाताने चाचपला आणि झकास म्हणाले. हा शब्द त्यांना झटक्यानंतर प्रथमच धड उच्चारता आला.

मिशीला मी हात लावत नाही. ती दाट येते आहे.

आणि आता जे लिहायचे नाही ते लिहिते. आपले कार्ड मी वाचून दाखवलेले नाही. डॉक्टरांनी मनाला धक्का बसू देऊ नका असे सांगितले होते, म्हणून, असे लिहिणार होते. परंतु परवा डॉक्टरांना विचारले, तर आता हरकत नाही, असे ते म्हणाले. तेव्हा ते कारण राहिले नाही. खरे कारण असे की, कार्ड वाचले तर धाकूपुढे मी खाली मान घातली हेही सांगावे लागेल. बाबा आजारी पडल्यापासून रोज सकाळी माझ्या हाताखाली मान मागे टाकून निर्धास्त डोळे मिटतात. त्यांना हे कसे सांगू?

आपण ठरवाल तेवढाच लोभ असावा.

आपली,
सुगंधा

—

मसुरे,
१० फेब्रुवारी ५७

चि. सुगंधा हिस अ. उ. आशीर्वाद.

कान बरोबर. वण बरोबर. आता माझा विश्वास बसला.

तो वण माझ्या हातचा आहे. यंत्र आणले त्या दिवशी मीच ऐटीत त्याची पहिली दाढी करून दाखवायला बसलो, आणि बोलण्याच्या नादात हनुवटी कापली. रक्त थांबेना. तो मेला हसत होता, म्हणून अधिकच वाहत होते. तेव्हा तुझ्या हाताचे फार कौतुक नको आणि फार दुःखही नको. आमच्या घराण्यात सगळ्यांनी जयवंतालाच कापले आहे.

आवशीला सगळे सांगितले. तुझी दोन्ही पत्रे तिने दोनदा वाचून घेतली. मग तुझ्याबद्दल म्हणाली, जयवंतान चेडवाक शिकवल्यान ता बरां केल्यान. मी पान लावत राहिलो. तूही यावर काही लिहू नकोस.

मला यायचे आहे. पण ज्या दारातून जा म्हणून सांगितले, तिथे थोरल्या भावाने न बोलावता कसे यावे ते तू सांग. आधी तो कार्ड ऐकू दे. ऐकून काय म्हणतो ते जसेच्या तसे लिही. तुझ्या चांगल्या मराठीत घोळवू नकोस. आणि पत्राच्या शेवटी ते पेटीत टाकल्याची तारीख आणि वेळ घाल. कार्डावर नऊ दिवस बसून राहिलेल्या मुलीने एवढा हिशेब दिला पाहिजे.

लोभ आहे. ठरला.

लवूकाका

—

मुलुंड,
१८ फेब्रुवारी

ती. स्व. थोरल्या काकांस
सुगंधाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

आपले पत्र आज सकाळी नऊच्या टपालाने आले, आणि बाबांच्या तोंडाला फेस लावून झाल्याबरोबर मी कार्ड वाचून दाखवले. फेस असला की ते बोलत नाहीत, म्हणून ती वेळ मी निवडली. हाही भित्रेपणाच झाला, पण तेवढा मला हवा होता.

कार्ड सगळे वाचले, नावाने आंघोळ केलीस तेही. मग न थांबता धाकूविषयी, नऊ दिवसांविषयी आणि आपल्या-माझ्या पत्रांविषयी सांगितले. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. गालांवरचा फेस वाळू लागला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटले दुसरा झटका आला, म्हणून मी आईला हाक मारली. ती पिठाच्या हाताने धावत आली, तर बाबा हसत होते. डावी बाजू हसत होती, उजवी तशीच होती. उजव्या डोळ्यातून एरवीही पाणी येते, म्हणून ते रडतही होते की नाही, हे मी खात्रीने लिहू शकत नाही.

त्यांनी डाव्या हाताने कानटोपी ओढून काढली आणि स्वतःचे केस मुठीत धरून मला दाखवले. मग बोलले. एकेका शब्दाला थांबत बोलायला त्यांना अर्धा तास लागला. मी ते तिथेच आपल्या पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतले आणि पुन्हा वाचून दाखवले. त्यांनी मान हलवली, म्हणून जसेच्या तसे देते.

दादा मेला असता तर डोकेही भादरले असते. धाकूने टोपीखाली बघायचे होते. वाट लावली गाढवाने.

मिशी परत आली आहे. ओठावर लोंबते, भात खाताना तोंडात येते. कातरायला माणूस पाहिजे. सुगंधाकडे देणार नाही. तिने एकदा हात दाखवला तेवढा पुरे. दादाने बोटीने यावे आणि कातरावी. हनुवटीला हात लावू नये.

मी त्यांना विचारले की दाराविषयी काय लिहू, कारण आपण त्याविषयी लिहिले आहे. मग म्हणाले की दार आता लावताच येत नाही, माझी खुर्ची मधे आहे.

धाकूपुढे मी गप्प राहिले, त्याबद्दल ते मला एक शब्दही बोलले नाहीत. मी उभीच होते. अखेर त्यांनी मान मागे टाकली आणि पाणी गार होते आहे, दुसरा गाल कोण करणार, असे विचारले. मी पंचा पुन्हा पिळला, आधी डाव्या गालाला लावून पाहिला आणि दाढी पुरी केली. यंत्र मी दाबले नाही. रक्त निघाले नाही.

आजीला नमस्कार. तिने म्हटलेले मी वाचले. त्यावर काही लिहू नकोस अशी आपली आज्ञा आहे, म्हणून लिहीत नाही.

हे पत्र घरी बंद केलेले नाही. उघडेच घेऊन टपालकचेरीत आले आहे आणि शेवटच्या या ओळी इथल्या टाकाने लिहिते आहे. अक्षर वाईट आले तर दोष टाकाला द्यावा. आपण लोभ ठरवलात, तो बदलण्याआधी निघावे.

आपली,
सुगंधा

पेटीत टाकले: सोमवार, ता. १८ फेब्रुवारी १९५७, दुपारी बारा वाजून वीस मिनिटे.