मागची खोली बुधरीची

लिहून ठेवणारी मी, रहमतबी इनायत शेख, वय अदुसष्ट, राहणार अहेरी. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हे मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव टाकायला घरात कोणी नाही.

माझे मरहूम पती इनायत शिंपीकाम करीत. त्यांची शिलाई मशीन मुलगी शाजिया घुग्घुसला घेऊन गेली, ती तिचीच राहावी. मात्र न विचारता नेली, हे मी विसरलेले नाही.

घराच्या पुढच्या दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक शाजिया व मुलगा नदीम यांना शरीयतीच्या वाट्याप्रमाणे. नदीमने मला ऊर्जानगरच्या क्वार्टरात नेले होते. सकाळी सगळे ड्युटीवर, शाळेत. मी बंद दारामागे. करमेना म्हणून परत आले. त्यात त्याचा दोष नाही.

मिळकतीचा तिसरा हिस्सा मी वारसांबाहेर देऊ शकते. तो म्हणजे मागची खोली, रस्त्याकडच्या दारासह. ती बुधरी मडावी हिला द्यावी.

ही कोण, असे मुले विचारतील. ती बाजाराच्या दिवशी जंगलातून शिंदीची पाने आणते. इनायत गेल्यावर एकदा पाणी मागायला दारात आली, ती बसलीच. तिच्या हातातली अर्धी विणलेली टोपली पाहून मीही विणायला घेतले. तिच्याबरोबर नाल्यावर पाने कापायला गेले. मधला कोंब तोडू लागले तर हातावर चापट मारली, झाड मरते म्हणून. माझी पहिली टोपली पाहून म्हणाली, "बाई, हे टोपली होय का बसलेली कोंबडी?" या घरात कितीतरी दिवसांनी कोणी हसले होते.

बुधरीवर माझा एक राग आहे. तिने मला बाजू विणायला शिकवले, काठ शिकवला, बूड मात्र शिकवले नाही. दर बाजाराला स्वतः बुडे बांधून द्यायची आणि मी आठवडाभर त्यांवर विणत बसायचे. एकदा भांडले, तर म्हणाली, "तुमाले बूड आलं, त मंग मी इथी काऊन येऊ?" पुन्हा मी विचारले नाही.

मागल्या ईदला नदीम म्हणाला, "अम्मी, मागचं दार बंद करून टाकू. कोनीबी येऊन बसते." कोणी येत नाही, बाबा. ती एकटी येते. ते दार माझ्यामागे बंद होऊ नये, एवढ्यासाठी हा कागद आहे.

मय्यत लवकर उचलतात हे मला ठाऊक आहे. तरी बुधरीच्या गावी निरोप जाऊ द्यावा.

खोली तिला मिळणार, म्हणून तिची साक्ष नको असे कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्याने सांगितले. तेव्हा वीजमीटर पाहायला आलेले प्रफुल आणि सायकलवर कापड विकणारे नानाजी यांना हाक मारून थांबवले. प्रफुलने विचारले, "बाई, घरचं कोनी नाई का?"

मी म्हटले, "आहे ना. बाजाराच्या दिवशी येते."

सही: रहमतबी इनायत शेख
साक्षीदार: १) प्रफुल गेडाम २) नानाजी चौधरी
मुक्काम अहेरी, दिनांक ११ फेब्रुवारी २००३