लिंबाची तहान

१८ जानेवारी, बोरी

आलो एकदाचे! परभणीत एका खोलीत तीन वर्षं काढल्यावर स्वतःचं घर म्हणजे काय, हे आज सामान लावताना कळलं. हरिओम शिकवतो ती शाळा इथून चालत जाण्याइतकी जवळ आहे. (चारचौघांत मी नवऱ्याला ‘अहो’ म्हणते, रोजनिशीत हरिओमच लिहिणार, इथं कोण रागावणार?) दोन खोल्या, स्वयंपाकघर, खाली शहाबादी फरशी आणि मागच्या भिंतीला जवळजवळ टेकलेला मोठा कडुलिंब. त्याची सावली थेट आतल्या खोलीत येते. पाचवा महिना लागलाय. बाळाला घेऊन याच खोलीत निजायचं, असं मी ठरवूनही टाकलं.

घर ज्यांच्याकडून घेतलं त्या कडूबाई समोरच पुतण्याकडे राहतात. त्यांनी माझी ओटी भरली, गरम हुरडा आणून दिला. मग आमच्याच अंगणातल्या हौदातून घागर भरली आणि लिंबाच्या बुडाशी ओतली. रोज ओततात म्हणे. सौद्याच्या वेळीच त्यांनी हरिओमला बजावलं होतं, “घर इकलंय, लिंबाचं पाणी न्हाई इकलं.” मला हसू आलं. म्हातारी आवडली.

४ फेब्रुवारी

आतल्या खोलीत मागच्या भिंतीला भेग पडलीय, बोट जाईल एवढी. महारुद्र मिस्त्री बघून गेले. म्हणाले, दोष भिंतीचा नाही, खालच्या काळ्या मातीचा आहे. पाणी मिळालं की ती फुगते, वाळली की आकसते, आणि घर तिच्यासोबत हलतं. त्यात लिंबाची मुळं पायाखाली शिरलीत. एकीकडून मुळं ओल ओढतात, दुसरीकडून कडूबाईंची घागर ओल करते. उपाय एकच. झाड आणि भिंत यांच्यामध्ये खोल चारी खणायची, आडवी आलेली मुळं तोडायची, जाड प्लॅस्टिक उभं लावून मुरूम भरायचा. आणि भिंतीजवळ पाणी अजिबात नाही.

पाणी बंद करायला मीच सांगितलं. कडूबाईंनी घागर खाली ठेवली. मग म्हणाल्या, त्यांची पहिली मुलगी बारशाआधीच गेली. तिला तिथं पुरलं आणि वर हा लिंब लावला. “तिला तहान लागती गं माय. मी न्हाई दिलं तर दुसऱ्या कुणाकडं जाईल ती.”

भरलेली घागर तशीच कडेवर घेऊन गेल्या. लेकरू उचलून न्यावं तशी.

२२ फेब्रुवारी

चारी झाली. मनगटाएवढी मुळं निघाली, सगळी घराकडेच वळलेली. मिस्त्री म्हणाले, मूळ ओलीकडे जातं, त्यात नवल काय. पण पहिली कुऱ्हाड पडली तेव्हा समोरच्या घरातून कडूबाईंची किंकाळी आली. आठवडाभर त्या अंथरुणावर आहेत. तिथून त्यांना आमचं अंगण दिसतसुद्धा नाही.

८ मार्च

कडूबाई गेल्या. शेवटचं भेटले तेव्हा माझा हात सोडत नव्हत्या. दोन घोट देत जा, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणाल्या. मी हो म्हटलं. हरिओमने घालू दिलं नाही. नवा मुरूम खचेल, म्हणाला.

आज फरशीच्या सांध्यातून एक मुळी वर आली. पांढरी, दोऱ्यासारखी, टोक माझ्या खाटेकडे. एवढी चारी ओलांडून ती आली कशी? हरिओमने कात्रीने कापली. मी खाट दुसऱ्या भिंतीला ओढली. दुपारी डोळा लागला, उठून बघते तर मुळी पुन्हा वर आलेली. टोक वळून खाटेकडेच.

बाळ आज फार गप्प आहे.

३० मार्च

मुलगी होती.

दवाखान्यात म्हणाले, ठोके लागत नाहीत. क्षणभर दाखवली मला. नाक हरिओमचं. मला सलाइन चालू होतं तेव्हाच तो तिला कापडात गुंडाळून घरी घेऊन आला. शिवारातली माती इतकी वाळलेली की कुदळ बसेना. चारीतला मुरूम तेवढा मऊ होता. लिंबाजवळ पुरली, म्हणाला. सांगता सांगता तोंड झाकून रडला.

आई गंगाखेडला चल म्हणते. मी नाही म्हटलं. ती इथं आहे.

६ एप्रिल

दूध उतरलंय. कुणासाठी?

भर दुपारी आतल्या खोलीत रडणं ऐकू आलं. फरशीखालून. मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण अंगावरचा पदर ओला झाला होता. मी खाली बसून त्या मुळीवर दूध पिळलं. फरशीवर एक थेंब राहिला नाही. रडणं थांबलं. कितीतरी दिवसांनी मला झोप लागली.

१९ एप्रिल

भेगेत आता हात जातो. हरिओमने विचारलं, खोलीत ओल कुठून येते? मी सगळं सांगितलं. तो मला जवळ घेऊन बसला. खाली कुणी नाही, म्हणाला. नेमकं तेव्हाच रडणं सुरू झालं आणि माझ्या पाठीवरून फिरणारा त्याचा हात थांबला.

त्यानेही ऐकलं. कबूल केलं नाही.

४ मे

रडणं एक नाही, दोन आहेत. आज नीट कळलं. एक दांडगं. दुसरं अगदी बारीक, मांजरीच्या पिलासारखं. दूध दिलं की दांडगं थांबतं. बारीक थांबत नाही.

कडूबाईंची थोरली सगळं पिते. माझ्या लेकीला काही पोचत नाही.

११ मे

दूध आटलं. आता पाणी ओतते, घागरीवर घागर. तेही थोरलीच —

आतल्या खोलीची चौकट वाकडी झालीय, दार जेमतेम उघडतं. मिस्त्री बाहेरूनच बघून म्हणाले, आजच घर सोडा. हरिओम सामान काढतोय. गंगाखेडला जायचं म्हणे.

तिला इथं ठेवून? उपाशी?

१३ मे

बारीक आवाज सकाळपासून — नाही येत. कान लावून बसले. नाही.

हरिओम सामानासाठी टेम्पो आणायला गेला, तेवढ्यात मी फरशी उचकटली. खाली माती गार, ओली. हातानं उकरतेय. किती खोल —

१३ मे, दुपार

कापड लागलं. तेच. बाहेर पुरलेलं खोलीखाली — मुळांनी ओढत आणलंय. सगळीकडून वेढलंय. सुटत नाही.

माती वरून पडतेय. भिंत कुरकुरतेय. दार पुरतं अडकलंय, हरिओम खिडकीतून ओरडतोय, बाहेर ये, निकिता, हात दे. कसा देऊ? एक हात खाली आहे. बोट धरलंय कुणीतरी. इवलीशी मूठ. माझीच आहे, मला कळतं —

तिच्या शेजारी दुसरी मूठ. तिनंही धरलं. मला वाटलं होतं ओढेल. ओढत नाही. नुसती धरून आहे. तिची आई गेली, तिलाही आता कोण —

हरिओमला म्हटलं, तू हो बाजूला. आले मी. दोघींना घेऊन आ—