शांतूचं मंगळावरचं वजन

बाजारकुणंग,
शिमग्याच्या तोंडावर

चि. शांतूस आज्जीचा तोंडभरून आशीर्वाद. आम्ही खुशाल. आजोबांचा खोकला हाय तसाच हाय, म्हणजे बराच. म्हैस व्याली. (विसरेन म्हणून आधीच लिहिलं.)

तुझं पत्र पोचलं. बोर्डिंगातल्या जेवणानं जाड झालीस, गावासमोर पारड्यात बसायची लाज वाटते, म्हणून मॅट्रिकच्या नवसाचा भाताचा तुळाभार नको आणि शिमग्याला येतच न्हाई, असं लिहिलंस. रडूच आलं बघ. पण खालचं अभ्यासाचं वाचलं आणि डोळे पुसले. दुसऱ्या ग्रहावर आपलं वजन बदलतं म्हणे! ग्रहात माल किती ते बघायचं. मग त्याच्या पोटातल्या मधल्या टिंबापासून कातडीपर्यंतचं अंतर त्याच अंतरानं गुणायचं आणि त्यानं मालाला भागायचं. (मी शाळा लवकर सोडली, पण भागाकार शिकून सोडली.) चिंचोके घेऊन ओसरीवर बसले. मंगळात माल आपल्या पृथ्वीच्या दहावा हिस्सा, अंतर निम्मं. निम्म्याचं निम्मं पाव. दहाव्या हिश्श्याला पावानं भागलं, तर पाच भागांतले दोन आले! म्हणजे मंगळावर तू तिसरीतल्या पोरीएवढी! तशीच पदर खोचून देवळात गेले आणि अर्जुन गुरवाला सांगितलं, आमच्या शांतूचं वजन यंदा मंगळावरचं धर. तो बिचारा घंटाच पुसत राहिला. पण माझी धाकटी जाऊ रुक्मा तिथं झाडत होती ना! कमरेवर हात ठेवून विचारते, "अक्का, पोरगी मंगळावर आणि भात कुणंगात? तागडी टांगायची कुठं?" म्हटलं, भातही तिकडंच नेऊ. "मग भात पण तेवढंच हलकं होणार की! लागायचं तेवढं लागणारच!" व्हय गं. गुरूवर जा न्हाईतर चंद्रावर, तागडीला काय त्याचं! रुक्माशी बोलायचंच न्हाई असं ठरवलं होतं. (सांजच्याला विरजण मागायला जावं लागलं.)

तुझी,
आज्जी

ता. क. – सगळीकडं तेवढंच भात लागणार, तर इथंच बस. ते गावजेवणाला जातं, म्हणून तू जाड झाल्याचं ऐकून गाव खूश हाय.

आणखी ता. क. – नवस मॅट्रिकचा न्हवताच. लहानपणी तापात तू एवढीशी झालीस की कडेवर घेतलं तर धुवट लुगड्याचा बोळा घेतल्यासारखं वाटायचं. तेव्हा देवाला म्हटलं, हिला जड कर, होईल तेवढं भात तुझं. त्यानं ऐकलं, आणि तू लाजतेस! ये बाई. आणि आधी उपास धरून देवाला फसवू नकोस.